तपासणीच्या बाई

पिशवीतल्या पांढऱ्या भुकटीवर तिने कोमट पाणी ओतलं, तोंड घट्ट बंद केलं आणि पिशवी दोन्ही हातांनी घोळायला घेतली. गुठळी राहिली की नळी तुंबते, आणि नळी तुंबली की टेबलावरच्या माणसाचे हाल कुत्रा खात नाही. म्हणून हे काम ती कुणावर सोपवत नसे. घोळून झाल्यावर तिने पिशवी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघितली. गारही नव्हती, गरमही नव्हती. तेवढ्यात कोटाच्या खिशातला फोन थरथरला.

"ताई, मी आज येत नाही," तिच्या एक्स-रे खोलीतला दुसरा तंत्रज्ञ पलीकडून कण्हत म्हणाला. "सकाळी बादली उचलायला वाकलो आणि पाठ धरली ती धरलीच. सरळ बसतासुद्धा येत नाही."

"आज येत नाही?"

"माहीत आहे मला, आज तुमच्या सासऱ्यांची तपासणी आहे. पण मी तरी काय करू?"

"काही नको करू. झोपून राहा," ती म्हणाली. "बघते मी इथलं."

खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. तिने ते पायाने लोटून लावलं आणि भिंतीला टेकून उभी राहिली. पिशवी अजून हातातच होती. सकाळ नुकती सुरू झाली होती आणि तिच्या पोटऱ्या आत्ताच भरून आल्या होत्या.

भिंतीच्या पलीकडे, बाकावर, सासरे बसले होते. रुग्णालयाचा मागून नाड्यांनी बांधायचा गाऊन त्यांच्या अंगात होता, आणि त्यांची घडी केलेली पॅन्ट-शर्ट मांडीवर घेऊन सासूबाई शेजारी बसल्या होत्या. तपासणी मोठ्या आतड्याची होती. ती करायला या खोलीत दोनच माणसं होती: एक तो, आणि एक ती. डॉक्टर दुसऱ्या इमारतीत बसत आणि निघालेले फोटो नंतर बघत. तपासणी तो करणार, पुरुष माणूस करणार, एवढ्या एका अटीवर सासरे आज इथवर आले होते.

घरात तिच्या नोकरीला सगळे 'फोटो काढते' म्हणत. लग्नानंतर कामाला लागली त्या आठवड्यात सासूबाईंनी विचारलं होतं, कसले गं फोटो? तिने सांगितलं होतं, हातापायांचे, छातीचे. त्या आठवड्यापुरतं ते खरंही होतं. पुढे तिची बदली या खोलीत झाली, तेव्हा ते सांगायची वेळ जेवणाच्या टेबलावर कधी आलीच नाही. तशी ती कुठल्याही घरात येत नसावी. आज काय केलंस, असं कुणी विचारलं की ती 'नेहमीचंच' म्हणायची आणि पाण्याचा तांब्या पुढे सरकवायची. झाकली मूठ सव्वा लाखाची. सासरे शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगताना आवाज थोडा चढवून सांगत, आमची सून मोठ्या रुग्णालयात हातापायांचे फोटो काढते.

खुद्द तिच्याशी ते फारसं बोलत नसत. राग नव्हता, तशी रीतच पडून गेली होती. तिला काही सांगायचं असलं तर ती समोर असतानाही सासूबाईंकडे बघून सांगायचे. "तिला म्हणावं, कोटाचं बटण लोंबत होतं, लावून ठेवलंय." त्यांनी उभं आयुष्य शिंपीकामात काढलं होतं. दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली, हात कापू लागले, तरी घरातलं लोंबतं बटण त्यांच्या नजरेतून सुटत नसे.

हिवाळा सरता सरता त्यांना शौचावाटे रक्त दिसायला लागलं. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. कपडे धुताना सासूबाईंच्या लक्षात आलं. डॉक्टरांनी ही तपासणी लिहून दिली. पहिल्या तारखेला सासरे एकटेच आले, याच बाकावर बसले, आणि आतून बाहेर आलेला एक माणूस पोट धरून जवळजवळ पळत जाताना बघून उठून घरी गेले. घरी म्हणाले, फार गर्दी होती. नवी तारीख मिळेपर्यंत ऋतू बदलला. तिचा नवरा कामानिमित्त दुसऱ्या शहरात राहत होता. तो फोनवर म्हणाला, "डॉक्टर म्हणतात आता उशीर परवडणार नाही. तूच बघ काहीतरी." तूच बघ, हे ती इतक्या वर्षांत इतक्या वेळा ऐकत आली होती की तिने नुसतं 'बरं' म्हटलं.

मग तिने स्वयंपाकघरात सासूबाईंना सगळं समजावून सांगितलं होतं. आदल्या दिवशी काय खायचं नाही, जुलाबाचं औषध कसं घ्यायचं, नळी कुठून घालतात, का घालतात, पोट भरल्यासारखं का वाटतं. सासूबाई गॅसच्या बटणाकडे बघत ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर त्या बाहेरच्या खोलीत गेल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "पांढरं औषध देतात, फोटो काढतात आणि घरी सोडतात."

सुरुवात आणि शेवट शाबूत होता. मधलं सगळं सासूबाईंनी स्वतःकडेच ठेवून घेतलं होतं. ते ऐकताच तिने बाहेर जाऊन सांगायला हवं होतं. पण सासऱ्यांसमोर उभं राहून हे बोलायचं कसं? आणि त्या दिवशी ती दमलीही होती. तिने विचार केला, तो दुसरा सांगेल त्यांना. पुरुषापुरुषांत बोलून घेतील.

आता तो पाठ धरून घरी पडला होता. तारीख पुढे ढकलायची तर पुन्हा ते जुलाबाचं औषध आलं. काल दिवसभर सासऱ्यांच्या पोटात कोरा चहा आणि गाळलेलं सूप यापलीकडे काही नव्हतं. रात्रभर त्यांच्या सपाता इकडून तिकडे वाजत होत्या, आणि ती अंथरुणात पडून ऐकत होती. पहाटे तोंड धुताना ते सासूबाईंना म्हणाले होते, "हे औषध मी पुन्हा घेणार नाही. आज काय व्हायचं ते होऊ दे, नाहीतर राहू दे." ते उगाच बोलणाऱ्यातले नव्हते. आज परत गेले तर पुन्हा येणार नव्हते. आणि तपासणी कोण करणार हे कळलं तर आता या क्षणी कपडे मागून घेणार होते.

तिने पिशवी स्टँडला अडकवली आणि दाराशी उभ्या असलेल्या वॉर्डातल्या मामांना हाक मारली.

"मामा, बाहेरच्या काकांना आत घ्या."

"ते तर तुमचे—"

"आत घ्या. आणि येताना चष्मा काढून ठेवायला सांगा त्यांना."

"पोटाच्या फोटोला चष्मा?"

"आज सांगा."

मामांनी तिच्याकडे एकदा बघितलं आणि ते गेले. या कामात इतकी वर्षं घालवलेला माणूस दुसऱ्यांदा विचारत नाही. तिने केस टोपीत कोंबले, मास्क डोळ्यांखालपर्यंत ओढला, शिशाचा जड ॲप्रन अंगावर चढवला. खिडकीच्या काचेत जी दिसत होती ती कुणीही असू शकली असती. बाई आहे हे लपणार नव्हतं, पण परकी बाई त्यांनी कदाचित चालवून घेतली असती; सून नाही. राहिला आवाज. पण घरी ती हळू बोलायची आणि इथे मोठ्याने, तोडून तोडून. त्यात ठरवून केलेलं काही नव्हतं. यंत्राच्या घरघरीत हळू बोललेलं ऐकू जात नाही आणि घरात मोठ्याने बोललेलं चालत नाही, एवढंच.

मामा परत आले.

"चष्मा त्यांनी आधीच काढलाय. आजींच्या पर्समध्ये आहे."

"तुम्ही सांगायच्या आधी?"

"मी तोंड उघडायच्या आधीच."

सुंठीवाचून खोकला गेला, असं मनाशी म्हणून तिने सुस्कारा सोडला. त्यावर जास्त विचार करायला तिला वेळ नव्हता, कारण सासरे दारात येऊन उभे राहिले होते.

त्यांनी एका हाताने गाऊन मागून धरला होता. दोनपैकी एक नाडी तुटलेली होती. दुसऱ्या हाताचा अंगठा गाऊनच्या बाजूच्या शिवणीवरून आपोआप फिरत होता. लोकांना नीटनेटकं करून रस्त्यावर पाठवण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला हे असलं काहीतरी घालून भर उजेडात उभं राहावं लागत होतं. तिला फार वाईट वाटलं. मग तिने ते बाजूला ठेवलं, कारण वाईट वाटून घेत केलेलं काम नीट होत नाही.

"या काका. टेबलावर नुसते बसा, झोपू नका अजून. आधी काय काय होणार आहे ते सांगते, मग करू."

"सांगा," ते म्हणाले. ते भिंतीकडे बघत होते. भिंतीवर काही नव्हतं.

ती रोज जे सांगायची तेच तिने सांगितलं. डाव्या कुशीवर झोपायचं. मागून एक बारीक नळी जाईल. तिच्यातून हे पांढरं औषध आत जाईल. आतडं एरवी फोटोत दिसत नाही, यामुळे दिसतं. पोट भरत चालल्यासारखं वाटेल, जोराची लागल्यासारखं वाटेल. ते सगळ्यांनाच वाटतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. दंडावर एक इंजेक्शन, आतडं शांत राहावं म्हणून. नंतर थोडी हवा. मग टेबल हलेल, मी सांगेन तसं वळायचं, सांगेन तेव्हा श्वास धरायचा. झालं की ते समोरचं दार शौचालयाचं. ते तुमच्यासाठीच मोकळं ठेवलंय.

त्यांनी स्टँडवरच्या पिशवीकडे बघितलं.

"म्हणजे हे प्यायचं नाही?"

"नाही."

"घरी तर म्हणाले, औषध देतात."

"देतात. फक्त तोंडाने नाही."

त्यांनी मान वळवून, आले होते त्या दाराकडे बघितलं. मामा अर्धं पाऊल पुढे आले. तिने मामांना नजरेने थांबवलं आणि हातातली नळी ट्रेमध्ये ठेवून दिली. वस्तू हातात घेऊन उभं राहिलं की समोरच्याला घाई वाटते. जे काही बिनसायचं ते आत्ताच बिनसणार होतं, आणि तिच्या हातात थांबण्यापलीकडे काही नव्हतं.

"घरी सांगणाऱ्याला संकोच वाटला असेल," ती म्हणाली.

"हं. वाटणारच." मग जरा वेळाने त्यांनी विचारलं, "तुम्हाला नाही वाटत?"

"पहिल्या वर्षी वाटायचा."

"मग?"

"मग कामच झालं ते."

"कामाचं एक बरं असतं," ते म्हणाले. त्यांनी पाय वर घेतले, गाऊन गुडघ्यांवर नीट ओढला आणि डाव्या कुशीवर वळून पडून राहिले.

"आता माझा हात कमरेला लागेल," ती म्हणाली, आणि मग हात लावला. "आता थोडं गार लागेल. आता नळी. तोंडाने श्वास घ्या. घ्या. बस्स, एवढंच होतं."

ही पद्धत तिला कुठल्याही पुस्तकाने शिकवली नव्हती. नवीन लग्न झालेलं असताना दुकान घराच्या पुढच्या खोलीतच होतं, आणि मधल्या पातळ फळीतून सगळं ऐकू यायचं. एकदा सासरे आपल्या कारागिराला झापत होते. "आधी सांग, मग हात लाव. दंडाला लावतोय म्हण, कमरेला लावतोय म्हण. माणूस दचकला की माप चुकतं. आणि माप घेताना त्याच्या तोंडाकडे बघत जाऊ नकोस; त्याला वाटतं, तू त्याला मोजतोयस." ती आत उभ्याने कपड्यांना इस्त्री करत होती. ते वाक्य तिने तिथून उचललं आणि या खोलीत आणलं. ज्याचं होतं त्याला तिने कधी सांगितलं नाही. कुठल्या तोंडाने सांगणार? मग कसले फोटो, हेही सांगावं लागलं असतं.

तिचा हात लागला तेव्हा सासऱ्यांची पाठ लाकडासारखी ताठ होती. नळी आत जाईपर्यंत ती सैल पडली होती. तिने ते बघितलं आणि आपण हलक्या हाताने काम करतो याचंच ते फळ आहे असं समजली.

पांढरं औषध नळीतून उतरू लागलं. तिने पडद्याकडे नजर लावली आणि नेहमीचे प्रश्न सुरू केले. पोटात कळ येते तेव्हा माणसाला बोलतं ठेवलेलं बरं असतं.

"काय काम करायचे, काका?"

"शिंपी होतो. पुरुषांचे कपडे."

"घरी कोण कोण असतं?"

"बायको. मुलगा असतो बाहेरगावी. सून." त्यांनी दात आवळून एक कळ जाऊ दिली. "सून इथेच कामाला आहे. हातापायांचे फोटो काढते."

"अस्सं."

"बोलते कमी. आमच्याकडे सगळेच कमी बोलतात. त्यामुळे कुणाचं काही अडत नाही असं वाटतं सगळ्यांना."

"उजवीकडे वळा," ती म्हणाली. "हळू. मामा, खांद्याला धरा. श्वास घ्या. धरा. सोडा."

टेबल कलत होतं, सरळ होत होतं. पडद्यावर पांढरं औषध वळणावळणाने पुढे सरकत होतं आणि मागे आतड्याची वाट उजळत चालली होती. मग डाव्या बाजूला, खालच्या वळणाच्या जरा वर, ती वाट एकदम अरुंद झाली. कुणी मुठीत आवळून धरल्यासारखी. पुढे पुन्हा रुंद होत होती.

कधी कधी आतडं नुसतं आकसतं, थोडं थांबलं की सुटतं. इंजेक्शन त्यासाठीच असतं. तिने वाट बघितली. त्यांना पालथं केलं, पुन्हा कुशीवर घेतलं, पुन्हा बघितलं. मूठ सुटत नव्हती. हे असलं तिने कितीतरी माणसांच्या पोटात बघितलं होतं, आणि बघून झाल्यावर डबा उघडून जेवलीही होती. आज तिने टेबलाची कड धरली.

"डावीकडचा आणखी एक फोटो घेते, काका."

"घ्या," ते म्हणाले.

मग सगळं नेहमीसारखं झालं. नळी काढली, तेही आधी सांगून. मामांनी त्यांना आधार देऊन उठवलं. तिने मागून रोजचं बोलणं चालू ठेवलं: एक-दोन दिवस शौचाला पांढरं होईल, घाबरू नका, पाणी भरपूर प्या, नाहीतर औषध आत घट्ट होतं, बाहेर चहा-बिस्किट मिळेल, इंजेक्शनमुळे डोळ्यांना धूसर दिसत असेल तर जरा बसून मग निघा. शौचालयाच्या दाराशी ते थांबले. वळले नाहीत.

"तुम्हाला त्रास दिला, बाई."

"नाही, काका."

फोटो घेऊन ती स्वतः डॉक्टरांकडे गेली. त्यांनी ते उजेडाच्या पेटीवर लावले आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ बघितले. "परवा आणा त्यांना. मीच बोलेन," ते म्हणाले. "तुम्ही घरी काही बोलू नका." ती हो म्हणाली. तो नियमच होता, आणि ती तो कधी मोडत नसे. फोटो काढणाऱ्याने सांगायचं नाही. रोज कुणीतरी दारात थांबून विचारायचं, काय दिसलं हो? आणि ती म्हणायची, डॉक्टर सांगतील. विचारणारे तिच्या चेहऱ्याकडे बघत राहायचे, म्हणून ती मास्क काढत नसे. सासऱ्यांनी मात्र काहीच विचारलं नव्हतं. हे तिला दुसऱ्या इमारतीतून परत येताना, जिन्यावर आठवलं.

मग राहिलेले रुग्ण होते. दोघांचं काम एकटीवर होतं. दिवस कलला तेव्हा ती घरी आली.

सासूबाई दिवाणावर आडव्या झाल्या होत्या. रात्रीचं जागरण त्यांनाही झालं होतंच. डोळे न उघडता म्हणाल्या, "दोनदा चहा झाला त्यांचा. बरे आहेत. तुझ्या त्या माणसाने नीट केलं ना गं सगळं?"

"नीट झालं."

"मी बाई नाहीच काही विचारलं. तेही काही बोलले नाहीत." आणि त्या कुशीवर वळल्या.

तिने स्वयंपाकघरात जाऊन हातपाय धुतले, बटाटे सोलायला घेतले आणि तेही बसूनच घेतले. अर्धे सोलून झाले तेव्हा सासरे पाणी प्यायला आले. एरवी ती एकटी असताना ते स्वयंपाकघरात येत नसत; पाणी हवं तर बाहेरून सासूबाईंना हाक जायची. आज त्यांनी स्वतः पेला भरला आणि टेबलाशी, तिच्या समोरच्या खुर्चीवर बसले. चेहरा दिवसभरात उतरला होता. त्यांनी अर्धा पेला रिकामा केला. मग चष्मा काढला, काड्या मिटल्या आणि टेबलावर ठेवला.

"तिथल्या गाऊनच्या नाड्या तुटल्यात," ते म्हणाले. ते सासूबाईंकडे बघून बोलत नव्हते, सासूबाई तिथे नव्हत्याच. "तपासणीला ज्या बाई होत्या ना, त्यांना सांग. आणून दिलेस तर लावून देईन."

तिच्या हातातली सुरी थांबली. बाई, ते म्हणाले होते.

"सांगते."

"तुझ्या ओळखीच्या असतील त्या."

"आहेत."

"हात चांगला आहे त्यांचा. आधी सांगतात, मग लावतात." ते पेल्याच्या कडेवरून बोट फिरवत होते. "कुठे शिकल्या?"

ती टेबलावरच्या चष्म्याकडे बघत राहिली. मिटलेला, काचा वरच्या बाजूला. सकाळीही तो असाच कुणी सांगायच्या आधी निघाला होता. दार अर्धवट उघडं होतं, आणि फोनवर बोलताना तिचा आवाज तपासणीच्या खोलीतला, मोठा होता. म्हणजे बाकावर बसल्या बसल्या त्यांना सगळं कळलं होतं. उठून घरी जायला तेव्हा पुष्कळ वेळ होता. त्यांनी फक्त चष्मा काढून सासूबाईंच्या हातात दिला होता.

"एका शिंप्याकडे शिकले, असं म्हणतात," ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली. पहिल्याच फिटिंगला कोट बरोबर बसला की हलवायचे तशी.

बाहेर सासूबाईंचं घोरणं सुरू झालं होतं. सासऱ्यांनी उरलेलं पाणी संपवलं, उठून पुन्हा पेला भरला आणि परत येऊन बसले.

"त्यांना मी काही विचारलं नाही," ते म्हणाले. "विचारायचं असतं का?"

"विचारतात लोक. पण त्यांना सांगायची परवानगी नसते. डॉक्टर सांगतात."

"नियम आहे तर पाळायलाच हवा." थोडं थांबून ते म्हणाले, "पण डावीकडचं माप त्यांनी दोनदा घेतलं."

तिने सोललेला बटाटा पाण्यात टाकला.

"एकाच जागी दोनदा टेप लावायची वेळ आली की मला कळायचं, कापड पुरणार नाही. गिऱ्हाइकाला तिथल्या तिथे सांगायचं नसतं ते."

"अण्णा—"

"तू नको बोलूस. तू हातापायांचे काढतेस." ते रागावून बोलले नव्हते. इतक्या मऊ आवाजात ते तिच्याशी पूर्वी कधी बोलल्याचं तिला आठवत नव्हतं. "मी त्या बाईंचं विचारतोय. त्या काही म्हणाल्या का तुला? नियमात बसेल एवढंच सांग."

तिने सुरी बटाट्यांशेजारी ठेवली. हात पुसायला फडकं घेतलं आणि पुसत राहिली, ओले नव्हते तरी.

"म्हणाल्या," ती म्हणाली. "परवा डॉक्टरांकडे बोलावलंय. म्हणाल्या, काकांना सांगा, एकटे येऊ नका. आजींना दगदग नको. सुनेला बरोबर घेऊन या."

त्यांनी पेला दोन्ही हातांनी धरला.

"सुनेला रजा मिळेल?"

"मिळेल."

"आणि पुढेही काही यायचं झालं तर?"

"मिळेल, अण्णा."

"मग सांग त्यांना," ते म्हणाले. "घेऊन येईन म्हणावं."

ती उठली, त्यांच्याकडे पाठ करून नळाशी गेली आणि नळ मोठा सोडला. सासरे खुर्चीत तसेच बसून होते. मिटलेला चष्मा त्यांच्या हाताखाली होता, आणि ती तोंड धुऊन, पुसून परत येऊन बसेपर्यंत त्यांनी तो डोळ्यांवर चढवला नाही.